उंदराची शुगर

पन्नाशी ओलांडलेली मराठी माणसं पूर्वी लग्नाच्या पंगतीत भेटली की ‘मुलगा काय करतो सध्या?’ असं विचारायची. आता ‘तुझी किती?’ एवढंच विचारतात. कसली किती, हे सांगावं लागत नाही. समोरचा आकडा सांगतो. फास्टिंगचा आकडा सांगणारे साधे, पीपीचा सांगणारे धाडसी, आणि ‘एचबीएवनसी’ दशांश चिन्हासकट सांगणारे म्हणजे या समाजातले पदवीधर. आकड्यापाठोपाठ खुलासा येतोच. आदल्या दिवशी डोहाळजेवण होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. रक्त घेणाऱ्या पोराला शीरच सापडेना, त्या धसक्याने वाढली असणार. एसी फार होता. आमच्या घराण्यातच आहे. नातेवाईक हे सगळं सहानुभूतीने ऐकतात. डॉक्टर अजिबात ऐकत नाहीत.

अशाच एका पंगतीत माझी भाची जिलबी मोडता मोडता म्हणाली, “मामा, आमच्याकडे फास्टिंग दीडशे आलं ना, तर आम्ही नॉर्मल म्हणतो.”

पंगत थबकली. दोन जणांनी तिच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. एकाने जिलबी वाढणाऱ्याला परत बोलावलं.

“उंदरांबद्दल बोलतेय मी,” ती म्हणाली.

भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते, म्हणजे गेली काही वर्षं उंदरांची शुगर मोजते. उंदराला ग्लुकोज किती सोसतं आणि त्याचं शरीर इन्सुलिनचं किती ऐकतं, या दोन प्रश्नांपायी तिने सण, वार आणि दोन स्थळं घालवली. तिच्याकडून तुकड्यातुकड्याने जे कळत गेलं त्यावरून माझं असं मत झालंय की उंदराच्या जन्माला येणं वाईट, पण उंदराच्या रिपोर्टाला जी इज्जत आहे ती माणसाच्या रिपोर्टाला नाही. आपण सांगतो त्यातला एकेक खुलासा उंदराच्या बाबतीत शास्त्र मान्य करतं. त्यावर निबंध छापून येतात.

घराण्यापासूनच बघू. भाचीचे उंदीर काळे कुळकुळीत असतात, नाव ‘सी-५७ ब्लॅक-६’. शंभर वर्षांचं घराणं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई होत्या. आधी शिक्षिका, मग कोंबड्यांचा धंदा, तो बसला तेव्हा हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर. वर्गावर पोरं सांभाळलेल्या बाईंना उंदीर फार जड गेले नसणार. हौशी गिऱ्हाइकांबरोबर शास्त्रज्ञही त्यांच्याकडून उंदीर नेऊ लागले. बाईंच्या या उंदरांमधल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स कुक लिटल या शास्त्रज्ञाने १९२१ साली ही काळी वंशावळ सुरू केली. पुढे १९२९ मध्ये त्यांनीच मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी काढली. वंश शुद्ध ठेवायची रीत सोपी: सख्ख्या भावाशी सख्खी बहीण, पिढ्यान्‌पिढ्या. अशा वीस पिढ्या झाल्याशिवाय घराण्याला मान्यताच मिळत नाही. आपल्याकडे सगोत्र निघालं की स्थळ परत जातं, इथे सख्खं नसेल तर परत जातं. परिणाम असा की हे उंदीर एकमेकांसारखे आहेत असं म्हणणंही कमीच. एका नराची कातडी दुसऱ्या नराला लावली तरी शरीर तिला परकी समजत नाही.

एवढी काटेकोर वंशावळ, पण भाऊबंदकी तिलाही चुकली नाही. १९५१ मध्ये या घराण्यातले काही उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. ती शाखा ‘एन’, मेनमध्ये राहिली ती ‘जे’. पुढे केव्हा तरी ‘जे’ शाखेत एक जनुक कुणालाही न सांगता मोडलं. त्यामुळे ‘जे’वाल्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला हात आखडता घेऊ लागलं. याचा पत्ता लागायला २००५ उजाडलं. तोवर कित्येक प्रयोगशाळांमध्ये एका शाखेचे उंदीर रोगी म्हणून आणि दुसऱ्या शाखेचे निरोगी म्हणून शेजारीशेजारी बसवून, दोघांतला फरक औषधाच्या किंवा भलत्याच जनुकाच्या नावावर मांडला गेला असणार. आता निबंधात आडनावापुढची शाखा लिहिली नाही तर तो परत येतो. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य म्हणणाऱ्या माझ्या चुलत्याला डॉक्टरांनी कधी ‘कुठली शाखा?’ म्हणून विचारल्याचं मला स्मरत नाही.

काळ्या उंदरांना मान आहे तो त्यांच्या एका दुर्गुणामुळे. तेलकट-तुपकट दिलं की ते सुटतात आणि सुटले की त्यांची शुगर चढते. १९८८ मध्ये हे नीट दाखवून दिलं गेलं आणि तेव्हापासून त्यांचं पथ्य ठरून गेलं. प्रयोगातल्या निम्म्या उंदरांना साधं खाणं, उरलेल्या निम्म्यांना असं खाणं की त्यातल्या ६० टक्के कॅलरी नुसत्या चरबीतून याव्यात. ही चरबी मुख्यतः डुकराची. शेव-चिवड्यावर संसार केलेला माझा एक मित्र आहे, त्यालाही ६० टक्के गाठता आलेले नाहीत. या खाण्याच्या गोळ्या निळ्या रंगवलेल्या असतात, साध्या जेवणाशी गल्लत होऊ नये म्हणून. दोन-तीन महिने निळं खाल्लं की पंचविशीतला, म्हणजे पंचवीस ग्रॅमचा, उंदीर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा होतो आणि पिंजऱ्यात बसून राहतो. भाची त्यांना ‘आमचे निळे’ म्हणते. आवाजात माया असते.

निळे तयार झाले की परीक्षा. ती उपासाने सुरू होते, आणि उपास म्हटल्यावर मराठी माणूस कान टवकारतो.

माणसाने रात्री जेवून झोपायचं आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, हा आपला रिवाज. पूर्वी उंदरांनाही तोच लावला. संध्याकाळी खाणं काढून घ्यायचं, सकाळी परीक्षा. सोयीचं होतं, संशोधकाला रात्री घरी जाता यायचं. पण उंदीर रात्री जागतो, रात्रीच जेवतो, दिवसभरात चारदोन तोंडात टाकले तर टाकले. त्याचं संध्याकाळी ताट काढून घेणं म्हणजे उपास नव्हे, उपासमार. शिवाय एवढ्याशा देहाची भट्टी आपल्यापेक्षा कितीतरी जोरात पेटलेली असते, वजनाच्या हिशेबाने सातेक पट. एका रात्रीत त्याचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटतं, यकृतातला साठा संपतो. सत्तर किलोच्या माणसाचे एका रात्रीत सात किलो जाणार असतील तर पुण्यातल्या निम्म्या आहारतज्ज्ञ बायका दुकान बंद करून उपाशी उंदरांच्या पायाशी बसतील. आणि पुढची गंमत अशी की इतक्या लांब उपासानंतर माणसाचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, उंदराचं मात्र जास्तच ऐकू लागतं. म्हणजे ज्याच्यासाठी परीक्षा मांडली तेच उपासाने बदलून टाकलं. म्हणून हल्ली बरेच जण सकाळी ताट काढून पाच-सहा तासांचाच उपास घडवतात आणि दुपारी परीक्षा घेतात.

पण ताट काढलं म्हणजे उपास घडला, असं उंदराच्याही बाबतीत नाही. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला चुरा शोधतो. तो संपला की स्वतःच्या लेंड्या खातो, कारण त्यात जीवनसत्त्वं असतात आणि निसर्गाने त्याला तशी मुभा दिली आहे. म्हणून उपास सुरू होताना पिंजराच बदलायचा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपण गमतीने म्हणतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ फास्टिंगला जाताना बिनसाखरेचा चहा आणि त्याबरोबर दोन मारी बिस्किटं घेतात. चहा म्हणजे पाणीच आणि मारी म्हणजे औषधच, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पिंजरा कुणी बदलत नाही.

आता गोड. माणसाच्या ग्लुकोज टॉलरन्स टेस्टला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजतात. पैलवान असो की काडीपैलवान, प्रौढाला ७५. गरोदर बायकांना ही चव ठाऊक असते आणि जन्मभर आठवते. उंदराला मात्र वजनावर मोजून देतात, किलोला दोन ग्रॅम म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या उंदराला पन्नास मिलिग्रॅम. चिमूटभर वाटतं, पण उंदराच्या अंगात रक्तच जेमतेम दोन मिलिलिटर, आणि त्यात विरघळलेली साखर अवघी तीनेक मिलिग्रॅम. माणसाच्या पाच लिटर रक्तात ती पाच ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढी. म्हणजे उंदीर काय आणि आपण काय, रक्तात असलेल्या साखरेच्या पंधरापट साखर एका दमात अंगावर येते. हिशेब दोघांचा सारखाच निघतो याचं मला बरं वाटलं.

ग्लुकोज द्यायचं कुठून, यावरही दोन पंथ आहेत. एक सुईने थेट पोटाच्या पोकळीत देणारा, दुसरा घशातून नळी घालून जठरात. (उंदराला उलटी होत नाही. त्यामुळे एकदा आत गेलं ते गेलं. आमच्या शाळेतल्या एरंडेलवाल्या बाईंना हे उंदीर फार आवडले असते.) सुईचा मार्ग सोपा, पण त्यात आतड्याला बगल दिली जाते. आणि आतडं नुसतं नळकांडं नाही. गोड आलंय हे त्याला आधी कळतं आणि ते स्वादुपिंडाला वर्दी देतं. वर्दी मिळाली की इन्सुलिन जास्त सुटतं. म्हणून एकाच उंदराचा निकाल दोन रस्त्यांनी दोन तऱ्हेचा येतो. कुठल्याही माणसाने आजवर जिलबी पोटाच्या पोकळीत घेतलेली नाही, तरीही सुईवाल्यांचा पंथ मोठा आहे, कारण नळी घालताना उंदीर जो काही गोंधळ घालतो तो भाचीच्या हातावर अजून दिसतो.

सगळ्यात खुमासदार भांडण मात्र डोस वजनावर मोजावा की नाही याचं. साधा उंदीर पंचवीस ग्रॅमचा, त्याला पन्नास मिलिग्रॅम. निळा पंचेचाळीसचा, त्याला नव्वद. पण निळ्याचं वाढलेलं वजन बहुतेक चरबी, आणि साखर खपवण्याचं काम मुख्यतः स्नायू करतात, ते दोघांचे जवळपास सारखेच. म्हणजे जाड्याला केवळ जाडा म्हणून जवळजवळ दुप्पट गोड पाजायचं, आणि मग त्याची शुगर जास्त आली म्हणून त्याच्या नावाने शेरा मारायचा. हे उंदराच्या बाजूने बोलणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं आणि आता शहाणी प्रयोगशाळा चरबी वगळून उरलेल्या वजनावर डोस काढते. त्यासाठी उंदराला यंत्रात घालून त्याची चरबी मोजतात.

इथे पुण्याने मान वर करायला हरकत नाही. वजन आणि चरबी यांचा हा घोळ माणसात किती खोल आहे ते दाखवणारं एक गाजलेलं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यात दोन डॉक्टर शेजारीशेजारी उभे आहेत: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचं एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून मात्र निळा: असा हा आपला भारतीय देह. याज्ञिकांनी हे स्वतःच्याच देहावर जगाला दाखवलं, हे मला फार आवडतं. एरवी ‘मी बारीक आहे, मला कशाला होईल शुगर’ म्हणणारे काका दर सोसायटीत असतात, पण त्यातला एकही ‘लॅन्सेट’मध्ये फोटो द्यायला तयार होणार नाही.

परीक्षेचा प्रत्यक्ष दिवस मी भाचीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की मला तो पाठ आहे. शेपटीच्या टोकाला बारीक छेद, एक थेंब, ग्लुकोमीटर. हे आपलंच, औषधाच्या दुकानात मिळणारं मीटर. पहिला थेंब ग्लुकोज देण्याआधी, मग १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी. एक उंदीर असता तर प्रश्न नव्हता, पण उंदीर वीस. म्हणून प्रत्येकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सुरुवात करून द्यायची. विसाव्याला सुई देऊन होते न होते तोच पहिल्याचा दुसरा थेंब केव्हाचा राहिलेला असतो. त्यामुळे जाणते लोक उंदरांचे गट पाडतात, तरी पंगतीत एकट्या वाढप्याने वरणापासून मठ्ठ्यापर्यंत धावावं तशी धावपळ होतेच. टायमर वाजतोय, स्ट्रिप चुकीच्या बाजूने घातली जातेय, अकरा नंबरचा थेंब येईना, बाराने हातावर लघवी केलीय, आणि एका निळ्याची शुगर इतकी वर गेलीय की मीटर आकडा द्यायचं सोडून नुसतं ‘हाय’ लिहून गप्प बसलंय. माणसासाठी बनवलेलं मीटर ते, सहाशेच्या पुढचं त्याला बघवत नाही.

या सगळ्यात उंदराला भीती वाटून चालत नाही. घाबरला की अंगात ताणाची संप्रेरकं उसळतात आणि यकृत साखर बाहेर सोडतं, मग जो आकडा येतो तो मधुमेहाचा की धसक्याचा हे देवालाही कळायचं नाही. ‘शीर सापडेना म्हणून वाढली’ हा खुलासा इथे सगळेच मान्य करतात. परीक्षेच्या आधी कित्येक दिवस भाची उंदरांना नुसतं उचलून ठेवायची तालीम करते, कधी नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई देते, सुई म्हणजे काही विशेष नाही हे त्यांच्या मनावर ठसावं म्हणून. उचलण्याचंही शास्त्र आहे. पूर्वापार शेपटीला धरून उचलायचे. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की उंदराला नळीत शिरू दिलं किंवा ओंजळीत घेतलं तर तो कितीतरी कमी घाबरतो. तेव्हापासून सुसंस्कृत प्रयोगशाळांमध्ये उंदराला शेपटीला धरत नाहीत. मला आठवतं तेव्हापासून रक्त देताना माझा दंड रबरी नळीने करकचून आवळतात आणि ‘मूठ घट्ट’ असं दरडावतात. ओंजळीत कुणी घेतलेलं नाही.

आणि वास. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक बातमी दिली ती वाचून कित्येक पुरुष शास्त्रज्ञांनी स्वतःला हुंगून बघितलं असेल. पुरुष माणूस आसपास असला की उंदीर ताणाखाली जातात, बाई असली तर नाही. माणूस हजर असण्याचीही गरज नाही, त्याने घातलेला टी-शर्ट पिंजऱ्याजवळ ठेवला तरी पुरे. शेजारी बाईचा टी-शर्ट ठेवला तर तो परिणाम ओसरतो. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, “यासाठी कॅनडाला जायची काय गरज होती?” मी भाचीला विचारलं, तुझ्या लॅबमध्ये येऊन उंदीर बघता येतील का. ती म्हणाली, मामा, आधी परवानगी काढावी लागेल, मग अंघोळ, मग डोक्यापासून पायापर्यंत वेगळे कपडे, सेंट नाही, पावडर नाही. एवढं सगळं करून शेवटी तू पुरुषच असणार.

थंडीचंही आहेच. उंदराला अंगाला बरी वाटणारी हवा तिशीच्या आसपासची. प्रयोगशाळेतलं तापमान वीस-बावीस, कारण ते तिथे गाऊन घालून हिंडणाऱ्या माणसांना सुखावतं. उंदीर बिचारा जे खातो त्यातला मोठा हिस्सा नुसतं ऊब धरण्यात जाळतो. त्यामुळे जगातली बहुतेक उंदीर-शुगर ही कुडकुडणाऱ्या उंदरांची शुगर आहे, आणि ‘एसी फार होता’ हे म्हणणारे माझे साडू त्यांना नकळत आधुनिक विज्ञानाच्या बाजूने बोलत होते.

सहा आकडे हाती आले की त्यांचा आलेख. टेकडी चढते आणि उतरते. उतरायला जितका वेळ, तितका उंदीर नापास. टेकडीखालचं क्षेत्रफळ काढायला भाची जे करते ते म्हणजे आठवी-नववीतलं समलंब चौकोनाचं सूत्र. त्याचा पुढे आयुष्यात उपयोग काय, असं शाळेत गुरुजींना विचारण्याची सोय नव्हती. उपयोग हा. मग हे क्षेत्रफळ शून्यापासून मोजायचं की उपाशी आकड्यापासून, यावर विद्वानांत जुंपलेली आहे. मी त्यात पडत नाही.

दुसरी परीक्षा इन्सुलिनची, आयटीटी. इथे गोडाऐवजी इन्सुलिन टोचतात, किलोला पाऊण युनिट वगैरे, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या उंदराला युनिटचा पन्नासावा हिस्सासुद्धा नाही, आणि शुगर किती झपाट्याने खाली येते ते बघतात. झपाट्याने आली म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकतं. निळ्यांची हलत नाही. साध्यांची कधीकधी इतकी खाली जाते की उंदीर गळाठतो, म्हणून ग्लुकोज भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवायची. माझी आत्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवते, त्याच कारणासाठी. पण ही परीक्षाही सरळ नाही. शुगर घसरायला लागली की उंदीर हातावर हात ठेवून बसत नाही, त्याची ॲड्रेनलिन-ग्लुकॅगॉनची फौज साखर वर ढकलायला धावते. नंतरच्या थेंबांमध्ये इन्सुलिन किती आणि फौज किती, ते वेगळं काढता येत नाही.

गंमत म्हणजे हे गणित एकेकाळी बरोबर उलटं होतं. टोरांटोमध्ये १९२१-२२ ला इन्सुलिन सापडलं तेव्हा ते मोजायचं कसं हाच प्रश्न होता. शुद्ध पदार्थ नव्हता, तराजूत घालून उपयोग नव्हता. तेव्हा इन्सुलिनचं युनिट ठरलं ते चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशावर. पुढे उंदरांच्या टोळीला नव्या बॅचचं इन्सुलिन टोचून कितींना झटके येतात ते मोजायचे आणि त्यावरून औषधाची ताकद छापायचे. त्या काळी उंदीर हे माप होतं आणि इन्सुलिन परीक्षेला बसायचं. बढती म्हणावी की पदावनती, उंदरांनीच ठरवावं.

या सगळ्या शंकांवर तोडगा म्हणून क्लॅम्प नावाची परीक्षा आहे. तिच्यापुढे बाकीच्या परीक्षा म्हणजे तोंडी चाचणी. मुळात ही माणसासाठी, डीफ्रॉन्झो आणि मंडळींनी १९७९ मध्ये मांडलेली. एका नळीतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडत राहायचं आणि शुगर खाली जाऊ नये म्हणून दुसरीतून लागेल तेवढं ग्लुकोज. शुगर एका जागी थांबली की त्यासाठी किती ग्लुकोज ओतावं लागलं ते बघायचं. जास्त लागलं तर शरीर आज्ञाधारक. आता हेच पंचवीस ग्रॅमच्या उंदरावर करायचं तर मानेतल्या शिरेत आणि धमनीत केसाएवढ्या नळ्या शस्त्रक्रियेने बसवायच्या, त्याला पाच-सात दिवस विश्रांती द्यायची, मग जागेपणी, तो आपल्या मनाने हिंडत असताना, पाच-दहा मिनिटांनी थेंब तपासत पंपाचा वेग कमीजास्त करत बसायचं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात हे काम करणारं खास केंद्र आहे. कुरिअरच्या खोक्यात माणूस मावला असता तर बरेच विद्यार्थी स्वतःच त्यात बसून तिकडे गेले असते.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कामात विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांवर क्लॅम्प लावला होता. या उंदरांना पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेलं. जन्मतः वजन कमी, पोटात चरबी जास्त, इन्सुलिनला दाद नाही. मग दोन पिढ्या पोटभर खायला घातलं. तरी फरक नाही. पन्नास पिढ्यांची उपासमार दोन पिढ्यांच्या पोटभर जेवणाने फिटत नाही म्हटल्यावर, रेशनच्या रांगेतल्या आजोबांच्या नातवाने पिझ्झ्याची ऑर्डर देताना कुणाला दोष द्यायचा, हे मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, हा प्रश्न माझ्या थीसिसमध्ये नाही.

तिच्या थीसिसमध्ये काय आहे ते नुकतंच ठरलं. निबंध परीक्षकांकडे गेला होता, परत आला. परीक्षकांनी विचारलं होतं: उंदीर कुठल्या शाखेचे, उपास किती वाजता सुरू झाला, दिवे कधी मालवले, डोस कशावर काढला, उचललं कसं, सुई देणारी व्यक्ती रोज तीच होती का. याची उत्तरं तिच्याकडे होती. शेवटचा प्रश्न होता, हे सगळे नर आहेत, माद्यांचं काय? आता माद्यांची पंचाईत अशी की काळ्या घराण्यातल्या माद्या निळं खाऊनही नरांइतक्या बिघडत नाहीत. महिनोन्‌महिने डुकराची चरबी खातात आणि परीक्षेत पास होतात. प्राणी-नीती समितीकडे नव्या माद्यांसाठी पुन्हा अर्ज, एकेका उंदराचं समर्थन, आणि मग दोन-तीन महिने निळं वाढत बसायचं. बहिणीने तिसऱ्या स्थळाला ‘दिवाळीनंतर बोलू’ असं कळवलंय.

परवा माझी वार्षिक तपासणी होती. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, “काका, फास्टिंग आहे ना?” विचारलं, आणि संपलं. मी थोडा वेळ थांबलो. मग मीच विचारलं, खोलीचं तापमान किती ठेवता? रक्त घेणारा पुरुष आहे की बाई? पुरुष असेल तर शेजारी एखाद्या बाईला उभं करता येईल का? ग्लुकोज सगळ्यांना ७५ ग्रॅमच देता का, की चरबी वगळून काढता? आणि सुईच्या आधी नुसत्या सुईची तालीम?

तिने पावतीवरून मान वर केली. “काका, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही,” मी म्हणालो. “मामा आहे.”